ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्रण : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ध्रुवीय प्रकाशाचे नेहमीचे घर साधारण ६५ ते ७० अंशांच्या पट्ट्यात. एवढे अंतर तोडून जाण्याची हौस असलेले छायाचित्रकार आपल्या शहरात आहेत. निघण्यापूर्वी ते जे प्रश्न विचारतात आणि परत आल्यावर छायाचित्रे इतरांना दाखवताना ज्या अडचणी सांगतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याने नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि स्वीडनमधील आबिस्को अशा दोन सहली केल्या असून यातील बऱ्याच चुका स्वतः करून पाहिल्या आहेत.

ध्रुवीय प्रकाश कशामुळे दिसतो आणि छायाचित्रकाराला त्याचे कारण माहीत असण्याची गरज काय?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत वाहत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. हा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो, त्याची ऊर्जा रात्रीच्या बाजूला लांब ताणल्या गेलेल्या चुंबकीय शेपटीत साठत जाते, आणि ती मोकळी झाली की इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून ध्रुवांजवळच्या वातावरणात उतरून तेथील ऑक्सिजन व नायट्रोजनला धडकतात. या धडकेत मिळालेली ऊर्जा ते वायू प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश देतो आणि २०० किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन ६३०.० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. प्रकाशाचा जोर वाढला की आकाशात पडद्यासारख्या लोंबणाऱ्या या हिरव्या प्रकाशाच्या खालच्या काठाला जी गुलाबी किनार दिसते, ती नायट्रोजनची असते.

छायाचित्रकाराच्या उपयोगाची गोष्ट यापुढची आहे. उत्तेजित झालेला ऑक्सिजनचा अणू हिरवा प्रकाश सरासरी पाऊण सेकंदात देऊन मोकळा होतो, तर लाल प्रकाश द्यायला त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. म्हणूनच हिरव्या पडद्याच्या कडा धारदार असतात आणि तो झपाट्याने हलतो, तर लाल भाग पसरट, विरघळल्यासारखा आणि संथ दिसतो. हिरव्या पडद्यासाठी शटर उघडे राहण्याचा वेळ कमी का ठेवावा लागतो आणि लाल भाग पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्येही का फारसा बिघडत नाही, याचे उत्तर अणूच्या या स्वभावात आहे.

हा प्रकाश कोल्हापुरातून, निदान भारतातून तरी, कधी दिसू शकेल का?

कोल्हापुरातून त्याची अपेक्षा धरू नये. लडाखमधील हान्ले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या परिसरातून मात्र १० व ११ मे २०२४ दरम्यानच्या रात्री आकाशाच्या उत्तर कडेला लाल प्रभा टिपली गेली. त्या दिवशी आलेले भूचुंबकीय वादळ जी-५ या सर्वोच्च श्रेणीचे होते आणि तशा श्रेणीचे वादळ ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमधील वादळातही हान्लेतून लाल प्रकाश टिपला गेला. इतक्या दक्षिणेला हिरवा पडदा दिसत नाही, कारण तो क्षितिजाच्या खाली राहतो. अधिक उंचीवरचा लाल भाग तेवढा क्षितिजावर डोकावतो, आणि तोही डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्यालाच अधिक स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध मात्र जुना आहे. सप्टेंबर १८५९ मधील प्रसिद्ध सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने चुंबकीय क्षेत्रात झालेली मोठी घट नोंदवली होती आणि संशोधक आजही त्या नोंदीचा आधार घेतात. ४ फेब्रुवारी १८७२ रोजी मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याच्याही नोंदी आहेत. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मोजमापे बिघडतील म्हणून चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातूनही भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या उपकरणांनी रात्रीच्या आकाशाची जी अतिमंद नैसर्गिक प्रभा टिपली जाते, तिच्यात हाच ६३०.० नॅनोमीटरचा लाल प्रकाश असतो. त्याचे कारण वेगळे आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, पण अणू तोच.

मुलांच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा जावे का?

जाऊ नये. मे महिन्यात त्या प्रदेशात रात्र पुरेशी काळोखी होतच नाही, आणि ट्रॉम्सोमध्ये तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही. ध्रुवीय प्रकाश आकाशात असला तरी तो उजेडात दिसत नाही. हंगाम सप्टेंबर ते मार्च असा धरावा. विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि मार्चमध्ये, सौरवाऱ्याचे व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे जुळणे सोपे होत असल्याने वादळे थोडी अधिक होतात. शिवाय त्या काळात थंडीही सोसण्याजोगी असते. शाळेचे वेळापत्रक सांभाळायचे असेल तर दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची आहे. तळी तेव्हा पूर्ण गोठलेली नसली तर पाण्यातले प्रतिबिंबही मिळते.

सूर्याचे चक्र आता उतरणीला लागले आहे, मग थांबून पुढच्या चक्रात जावे का?

सध्याचे पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते कमाल अवस्थेत पोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. कमाल काळात अचानक येणारी मोठी वादळे जास्त असतात हे खरे. परंतु उतरणीच्या काळात सूर्याच्या किरीटातील, म्हणजे बाहेरच्या वातावरणातील, विवरांमधून वेगवान वारा वारंवार येतो आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने तेच विवर सुमारे २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येते. सहलीची तारीख ठरवताना मागच्या महिन्यात कोणत्या रात्री चांगल्या गेल्या हे पाहून २७ दिवस पुढे मोजण्याची युक्ती म्हणूनच उतरणीच्या वर्षांत अधिक लागू पडते. थेट ध्रुवीय पट्ट्याखाली जाणाऱ्याला सूर्याच्या चक्रापेक्षा ढगांची काळजी जास्त करावी लागते.

पौर्णिमा टाळावी का?

पौर्णिमेच्या आगेमागचे तीन-चार दिवस टाळता आले तर टाळावेत. अर्ध्या चंद्राचा मात्र फायदा होतो, कारण बर्फाळ डोंगर व झाडे त्या उजेडात दिसू लागतात आणि नुसत्या हिरव्या आकाशाला जमिनीचा आधार मिळतो.

ट्रॉम्सो, आबिस्को, आइसलंड, फेअरबँक्स यांपैकी कोणते ठिकाण निवडावे?

ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंशांवर असूनही तेथे समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे थंडी तुलनेने सौम्य असते. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचे आहे, मात्र समुद्राकाठामुळे ढग फार असतात आणि आकाश मोकळे मिळावे म्हणून कधी गाडीने फिनलंडच्या सीमेपर्यंत जावे लागते. आबिस्को हे लहानसे गाव डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे आजूबाजूला ढग असतानाही टोर्नेट्रेस्क तलावावरचे आकाश तेथे पुष्कळदा उघडे राहते. आइसलंडची भूमी देखणी, पण हवा लहरी. अलास्कातील फेअरबँक्स व कॅनडातील यलोनाइफ येथे आकाश बरेचदा निरभ्र असते आणि त्याची किंमत उणे तीस अंशांच्या थंडीने मोजावी लागते. आमचे मत विचाराल तर ठिकाणापेक्षा मुक्काम महत्त्वाचा : दोन गावांत दोन-दोन रात्री काढण्यापेक्षा एकाच गावात पाच रात्री काढाव्यात.

एवढा खर्च करून प्रकाश दिसेलच याची खात्री काय?

खात्री नाही, आणि ती देणाऱ्या सहल कंपनीकडे जरा जपून पाहावे. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगणे तसे सोपे आहे, कारण आपण अंबाबाईच्या किरणोत्सवाला नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस देवळात उभे राहिलेले लोक आहोत. तेथे तारीख ठरलेली असते, सूर्याची दिशा ठरलेली असते, तरीही ढग, धुके किंवा वाटेतला एखादा अडथळा आला की किरणे एखाद्या दिवशी चरणांपर्यंतच येतात आणि दुसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. उत्तरेकडे तर तारीखही ठरलेली नसते. पाच रात्रींतील दोन रात्री चांगल्या मिळाल्या तर सहल सफल झाली असे समजावे.

अंदाज कसा वाचावा? केपी किती असेल तर बाहेर पडावे?

केपी हा ० ते ९ असा निर्देशांक असून तो संपूर्ण पृथ्वीवरील चुंबकीय खळबळीची तीन-तीन तासांची सरासरी दाखवतो. ५ पासून पुढे वादळ मानले जाते आणि जी-१ ते जी-५ या श्रेणी तेथून सुरू होतात. अडचण अशी की लोक केपी २ पाहून हॉटेलात झोपून राहतात. ट्रॉम्सो किंवा आबिस्कोसारख्या पट्ट्याखालच्या गावात केपी १ किंवा २ असतानाही उत्तम पडदा दिसू शकतो. दक्षिणेकडच्या ठिकाणांसाठी तो आकडा कामाचा, उत्तरेत फारसा नाही.

त्याऐवजी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल-१ बिंदूजवळच्या उपग्रहांनी मोजलेला सौरवारा पाहावा. आपले आदित्य-एल१ यानही ६ जानेवारी २०२४ पासून याच बिंदूभोवती फिरत आहे. तेथील मोजमाप आपल्याला साधारण अर्धा ते एक तास आधी सूचना देते. त्यात बीझेड नावाचा आकडा असतो. तो उणे असेल, म्हणजे सौरवाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, आणि तसाच अर्धा तासभर टिकून राहिला, तर थर्मास भरून बाहेर पडावे. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५०० किलोमीटरच्या वर असेल तर अधिकच चांगले. हे सर्व पाहून झाल्यावर ढगांचा नकाशा पाहावा. खरे तर तो आधी पाहावा.

कॅमेरा कोणता घ्यावा?

ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात कॅमेऱ्याच्या कंपनीवरून वाद होणारच. परंतु या कामासाठी कंपनीपेक्षा लेन्स महत्त्वाची आहे. ज्यात शटर, लेन्सच्या छिद्राचा आकार म्हणजे अ‍ॅपर्चर, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) आणि फोकस हे चारही हाताने ठरवता येतात आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात छायाचित्र घेता येते, असा कोणताही मिररलेस किंवा डीएसएलआर चालतो. लेन्स १४ ते २४ मिलिमीटरची आणि एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या (म्हणजे लहान आकड्याच्या) अ‍ॅपर्चरची असावी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी एफ/३.५ ची लेन्सही तेजस्वी प्रकाशात काम भागवते. क्रॉप, म्हणजे लहान आकाराचा, सेन्सर असेल तर १० ते १६ मिलिमीटर पाहावे. अशी लेन्स एकदाच वापरायची असेल तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे शहाणपणाचे, मात्र ती निघण्याच्या आदल्या दिवशी न आणता आठवडाभर आधी आणून हाताखालून घालावी.

ट्रायपॉड भक्कम हवा. लग्नाच्या चित्रीकरणासाठी वापरला जाणारा जड ट्रायपॉड विमानात नेणे जिवावर येते, तरी हलका आणि डगमगणारा ट्रायपॉड नेण्यापेक्षा तोच बरा. धातूच्या पायांना फोमची पट्टी गुंडाळावी.

मोबाइलने छायाचित्र येते का?

येते. अलीकडच्या चांगल्या मोबाइलमध्ये रात्रीचा मोड असतो आणि मोबाइल स्थिर ठेवला की तो तीन ते दहा सेकंदांचे एक्स्पोजर घेतो. मोबाइलसाठी छोटी पकड असलेला ट्रायपॉड न्यावा, तीन सेकंदांचा टायमर लावावा आणि फ्लॅश बंद आहे याची खात्री करावी. मुख्य कॅमेराच वापरावा. अतिवाइड लेन्सचे छिद्र बहुधा लहान असते. मोठा कागदी प्रिंट काढायचा नसेल तर एवढे पुरते.

एक्स्पोजर किती ठेवावे?

एकच आकडा सांगता येत नाही, पण सुरुवात कोठून करावी हे सांगता येते. क्षितिजावर मंद, स्थिर कमान असेल तर एफ/२.८, आयएसओ ३२०० आणि १० ते १५ सेकंद. पडदा स्पष्ट दिसून सावकाश हलत असेल तर तेच अ‍ॅपर्चर ठेवून आयएसओ १६०० ते ३२०० आणि ४ ते ८ सेकंद. डोक्यावर किरणांचा मुकुट उघडला आणि पडद्याच्या घड्या सरसर धावू लागल्या तर एक ते दोन सेकंदच ठेवावेत, नाहीतर सारी नक्षी पुसली जाऊन आकाशाला हिरवा रंग फासल्यासारखे छायाचित्र मिळते. ताऱ्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून ५०० ला फोकल लेंग्थने भागण्याचा जो जुना नियम आहे, तो २० मिलिमीटरला २५ सेकंद देतो. ध्रुवीय प्रकाशासाठी तेवढा वेळ जवळजवळ नेहमीच जास्त होतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र अंधारात प्रत्यक्षापेक्षा उजळ भासते, म्हणून त्यावर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचे वाटप दाखवणारा आलेख) पाहावा. हिरवा रंग एकदा जळला की नंतर परत आणता येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंडपणा ठरवणारी सोय) ३५०० ते ४५०० केल्विनच्या दरम्यान एका आकड्यावर कायम ठेवावा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचे स्थिरीकरण बंद करावे आणि दीर्घ एक्स्पोजरमधील नॉइज (दाणेदार ठिपके) कमी करण्याची सोयही बंद ठेवावी, कारण ती प्रत्येक छायाचित्रानंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडवून धरते आणि नेमका त्याच वेळी आकाशात पडदा नाचून जातो.

माझी सर्व छायाचित्रे अस्पष्ट आली. चूक काय झाली असेल?

बहुतेक फोकस. आबिस्कोच्या पहिल्या रात्री या लेखकानेही फोकस बरोबर लावला, हातमोजा घातला, आणि त्या जाड हातमोज्याने लेन्सची कडी नकळत सरकवली. पुढची दीड तासांची छायाचित्रे मऊ, धूसर आली आणि ते कळले खोलीवर परतल्यावर. तेव्हापासूनची पद्धत अशी : ऑटोफोकस बंद करावा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर एखादा तेजस्वी तारा दहापट मोठा करून पाहावा, तो सर्वांत लहान बिंदू होईपर्यंत कडी फिरवावी, आणि मग कडीवर कागदी चिकटपट्टी लावून टाकावी. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. थंडीत ती खूण थोडी सरकते. दर वीस मिनिटांनी एक छायाचित्र मोठे करून तपासावे.

छायाचित्राच्या मधोमध गोल गोल वलये आली आहेत. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे. तिच्यासमोरचा यूव्ही फिल्टर काढा. ध्रुवीय प्रकाशातील हिरवा रंग एकाच नेमक्या तरंगलांबीचा असल्याने फिल्टरच्या सपाट काचेच्या दोन पृष्ठभागांमधील परावर्तनांतून ही वलये तयार होतात. नंतर ती काढता येत नाहीत.

थंडीत कॅमेरा आणि माणूस यांची काय काळजी घ्यावी?

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. निदान तीन बॅटऱ्या असाव्यात, त्यांतील दोन अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात आणि थंड होऊन बंद पडलेली बॅटरी पुन्हा गरम करावी. तिच्यात पुष्कळदा जीव उरलेला असतो. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. लेन्सजवळ श्वास सोडू नये, तो काचेवर गोठतो. खोलीत परतताना कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घालून ती घट्ट बंद करावी आणि तशीच दोन-तीन तास आत ठेवावी. नाहीतर पावसाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो, तसा तो कॅमेऱ्याच्या आतही येतो. मेमरी कार्ड पिशवीत घालण्यापूर्वी काढून घ्यावे, म्हणजे रात्रीच छायाचित्रे पाहता येतात आणि पिशवी उघडण्याचा मोह होत नाही.

माणसाने सुती कपडे अंगालगत घालू नयेत. लोकरीचा थर आत, उबदार थर मध्ये आणि वारा अडवणारा थर बाहेर. पातळ मोजे आत आणि बोटे एकत्र राहणारा जाड मोजा वर, अशी हातांची व्यवस्था करावी. पायांत एक क्रमांक मोठे, आत लोकर असलेले बूट हवेत. आपले पायताण हौसेने नेणारेही आम्ही पाहिले आहेत. ते हॉटेलच्या खोलीत शोभून दिसते.

महाग कॅमेरा परदेशात नेऊन आणताना विमानतळावर अडचण येते का?

नवी आणि महाग उपकरणे परत आणताना ती परदेशात खरेदी केली आहेत की काय, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. निघताना विमानतळावरील कस्टम्सकडून उपकरणांच्या क्रमांकांसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावे आणि बिलांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड या चारही देशांना शेंगेन व्हिसा चालतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमा काढतानाच कॅमेऱ्याचाही वेगळा विचार करावा.

जाण्यापूर्वी कोल्हापुरात सराव कसा करावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील अमावास्येच्या आसपासची रात्र निवडून पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर किंवा गगनबावड्याच्या बाजूला जावे. एकट्याने जाऊ नये, स्थानिकांना सांगून जावे आणि अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नये. मसाई पठारावरून आग्नेयेला कोल्हापूर शहराची पिवळसर प्रभा दिसते. तिच्याकडे पाठ करून उत्तरेचे आकाश टिपावे. फोकस, एक्स्पोजर, चिकटपट्टी हे सर्व तेथे करून पाहावे. त्याहून महत्त्वाचा सराव घराच्या गच्चीवर होतो : दिवे मालवून, जाड हातमोजे घालून, बॅटरी व कार्ड बदलणे, आयएसओ आणि शटर न पाहता फिरवणे. उणे पंधरा अंशांत मेनू शोधत बसायला कोणी सांगत नाही.

पठारावर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर दिसतो, ट्रॉम्सोत तो जवळजवळ ७० अंशांवर असतो. याचा परिणाम चौकटीवर होतो. उत्तर म्हणजे समोर खाली, ही आपली सवय तेथे मोडावी लागते. पडदा डोक्यावर असतो, जोर वाढला की दक्षिणेलाही जातो. त्यामुळे ट्रायपॉड उत्तरेकडे रोवून बसू नये आणि दर काही मिनिटांनी मागे वळून पाहावे.

डोळ्यांना तर पांढुरका धूर दिसला आणि छायाचित्रात हिरवा रंग आला. मग छायाचित्र खोटे म्हणायचे का?

खोटे नाही. मंद उजेडात डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाही. कॅमेरा मात्र दहा सेकंदांचा प्रकाश साठवून खरा रंग दाखवतो. प्रकाश तेजस्वी असेल तेव्हा हिरवा आणि खालची गुलाबी किनार डोळ्यांनाही स्वच्छ दिसते. मात्र पाहणाऱ्याला हा फरक सांगणे आपले काम आहे. आपली छायाचित्रे पाहून एखादे कुटुंब लाखो रुपये खर्चून जाते आणि पहिल्या रात्री राखाडी कमान पाहून हिरमुसते, यात थोडा दोष छायाचित्रकाराचाही असतो.

संपादनाबाबत आम्ही असे मानतो : एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, नॉइज आणि सावल्या सुधारणे योग्य. रंगांची तीव्रता वाढवताना हात आखडता घ्यावा; बर्फही हिरवागार दिसू लागला तर दोन पावले मागे यावे, अर्थात तेजस्वी पडद्याखाली बर्फ थोडा हिरवा खरोखरच दिसतो. जमीन आणि आकाश वेगवेगळ्या एक्स्पोजरमधून जोडले असेल तर तसे लिहावे. दुसऱ्या जागेचे आकाश आणून चिकटवलेले चित्र ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र म्हणून दाखवू नये.

छायाचित्रे इतर हौशी मंडळींना पाठवताना सोबत काय लिहावे?

तारीख, वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा, फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, आयएसओ, शटर, आणि डोळ्यांना काय दिसले ते एका वाक्यात. नुसते ‘नॉर्वे, अप्रतिम रात्र’ असे लिहिलेल्या छायाचित्रातून पाहणाऱ्याला काही शिकता येत नाही आणि तीन वर्षांनी आपल्यालाही काही आठवत नाही.

वेळेबाबत विशेष सावधगिरी हवी. हिवाळ्यात नॉर्वेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि फिनलंडचे साडेतीन तास. कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय वेळेवरच राहिले, तर रात्री अकराच्या छायाचित्रावर पहाटे साडेतीनची वेळ आणि दुसऱ्या दिवसाची तारीख पडते. एकाच वादळाची छायाचित्रे दोघांनी दोन ठिकाणांहून घेतली असतील तर ती शेजारी ठेवून पाहण्याची सगळी मजा या चुकीमुळे जाते. म्हणून विमानातच घड्याळ जागतिक वेळेवर लावावे आणि मजकुरात स्थानिक वेळ वेगळी द्यावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले छायाचित्र ठिपक्याठिपक्यांचे का दिसते?

कारण पाठवताना ते आकुंचित होते आणि आकाशातल्या हळुवार रंगछटांच्या जागी पट्टे उमटतात. शिवाय एक्स्पोजरची आतली माहितीही गळून पडते. गटात दाखवण्यापुरते ठीक आहे, पण ज्याला खरोखर अभ्यासायचे आहे त्याला छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा. पाठवण्यापूर्वी त्यात राहत्या घराचे किंवा खासगी शेतघराचे नेमके ठिकाण नोंदले गेले नाही ना, हेही पाहावे.

हौशी माणसाच्या छायाचित्राचा शास्त्रज्ञांना काही उपयोग होतो का?

होतो, आणि माहिती नीट लिहिण्याचा आग्रह आम्ही त्यामुळेच धरतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील हौशी छायाचित्रकार जांभळट रंगाचा एक अरुंद, लांबलचक पट्टा वर्षानुवर्षे टिपत होते आणि त्याला त्यांनी गमतीने ‘स्टीव्ह’ असे नाव दिले होते. त्यांची छायाचित्रे संशोधकांनी पाहिली, वेळ आणि ठिकाण यांच्या आधारे उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि २०१८ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा पट्टा नेहमीच्या ध्रुवीय प्रकाशापेक्षा वेगळा असून वेगाने वाहणाऱ्या अतिउष्ण वायूच्या प्रवाहाशी त्याचा संबंध आहे. नाव मात्र तेच राहिले. शास्त्रज्ञांनी त्या अक्षरांना जुळणारे लांबलचक इंग्रजी नाव नंतर शोधून काढले. फिनलंडमधील हौशी निरीक्षकांनीही वाळूच्या टेकड्यांसारख्या समांतर हिरव्या लाटा टिपल्या आणि त्या नव्या प्रकाराची माहिती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. या दोन्ही वेळी कामी आली ती छायाचित्रांची देखणी बाजू नव्हे, तर त्यांच्यावरची अचूक वेळ.

माझे छायाचित्र दुसऱ्याच्या नावाने फिरत आहे, काय करावे?

भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते घेणाऱ्याचा असतो आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मूळ रॉ फाइल आपल्याकडे असणे हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, म्हणून ती कधीही कोणाला देऊ नये आणि पुसूही नये. पहिल्यांदा त्या व्यक्तीला शांतपणे लिहावे. बहुतेक वेळा ते अनवधानाने पुढे पाठवलेले असते. आपणही कोणाचे छायाचित्र पुढे पाठवताना घेणाऱ्याचे नाव पुसू नये.

प्रिंट काढला की हिरवा रंग मेल्यासारखा का दिसतो?

संगणकाच्या पडद्यावर दिसणारा तो झगझगीत हिरवा रंग छपाईच्या शाईत उतरतच नाही. शिवाय पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. प्रिंटसाठी छायाचित्राची वेगळी प्रत करावी, ती थोडी अधिक उजळ ठेवावी, हिरवा किंचित पिवळ्याकडे न्यावा आणि मोठा प्रिंट सांगण्यापूर्वी आठ बाय बाराचा एक नमुना काढून घ्यावा. चकचकीत कागदावर काळा रंग खोल दिसतो, पण दसरा चौकातील शाहू स्मारक भवनासारख्या कलादालनात दिव्यांखाली लावायचे असेल तर काचेवर दिव्यांची प्रतिबिंबे पडतात. तेथे मॅट कागद बिनकाचेचा लावलेला बरा.

मित्रांसमोर छायाचित्रे दाखवायची आहेत; किती दाखवावीत?

वीस ते पंचवीस, आणि सलग हिरवी नकोत. एक ढगाळ रात्रीचे, एक वाट पाहणाऱ्या माणसांचे आणि एक डोळ्यांना जसे दिसले तसे, मुद्दाम फिकट ठेवलेले असावे. ते फिकट छायाचित्र सर्वांत आधी दाखवावे. खोली पूर्ण अंधारी करावी, प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी एकदा पाहून घ्यावे, आणि चहा शेवटी ठेवावा, कारण मध्येच दिवे लावले की डोळ्यांना अंधाराची सवय पुन्हा व्हायला वीस मिनिटे जातात.